सर्वनामातला फसवा 'ला'

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. इंग्रजी सर्वनामांचा तक्ता तुम्हाला पाठ असणार, तो परत देत नाही. एसएससी सीजीएलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांच्या परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण आणि चुकलं की अर्धा गुण वजा. इथं अंदाजे ठोकायचं नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते मराठीच्या 'ला'नं. 'त्याला आंबा आवडतो' म्हणजे 'ही लाइक्स मँगोज'. 'त्याला ताप आहे' म्हणजे 'ही हॅज अ फीवर'. 'त्याला जायचंय' म्हणजे 'ही वॉन्ट्स टू गो'. तिन्हीकडे 'त्याला', पण 'हिम' कुठंच नाही. उलट 'माझा त्याच्यावर विश्वास आहे' यात 'ला' नसूनही 'आय ट्रस्ट हिम' होतं. तेव्हा मराठी प्रत्ययावरून रूप ठरवूच नका. इंग्रजी वाक्यातली जागा बघा. क्रियापदाचा कर्ता असेल तर ही, शी, दे. कर्म असेल, किंवा टू, फॉर, विथ यांच्या मागोमाग आलं असेल, तर हिम, हर, देम. एवढं पक्कं झालं की निम्मी भीती जाते, खरंच.

जोडी आली की मात्र सांभाळा. 'सर कॉल्ड सुनील अँड आय' कानाला भारदस्त वाटतं, पण चूक आहे. सुनीलला काढून वाचा. 'सर कॉल्ड आय' कुणी म्हणेल का? मग 'सुनील अँड मी'च. 'बिट्वीन'पुढं ही युक्ती चालत नाही, तिथं दोघं लागतातच. म्हणून 'बिट्वीन यू अँड मी' सरळ पाठ करा.

आता ते २-३-१, म्हणजे आधी द्वितीय, मग तृतीय, शेवटी प्रथम पुरुष. फळ्यावर 'यू, ही अँड आय' लिहून देतात आणि पोरं तेच 'लेट'पुढं चिकटवतात. २-३-१ फक्त क्रम सांगतं, रूप सांगत नाही. बरोबर आहे ते 'लेट यू, हिम अँड मी'. नुसता आकडा देऊन पुढं पळणाऱ्या सरांना थांबवून विचारा, "सर, रूप का बदललं?" कारण सांगत नसतील तर क्लास बदला. ती फी घरच्यांनी सोयाबीन विकून भरलेली असते.

'दॅन'पुढं 'आय' की 'मी', याचा फार घोर नको. बोलताना 'दॅन मी' सर्रास चालतं, पेपरात 'ही इज टॉलर दॅन आय' धरा.

रोज जुन्या पेपरातली चार-पाच वाक्यं घ्या, सर्वनामाखाली रेघ मारा आणि कोणत्या शब्दामुळं ते रूप आलं तो शब्द पानाच्या समासात लिहा.