विमानाच्या पुढे किती? सोलापुरातून फायर कंट्रोलकडे निघालेल्यांसाठी

फायर कंट्रोल म्हणजे तोफेचा नेम गणिताने आणि यंत्राने धरण्याचं तंत्र. रडार, सर्व्हो, फिल्टर हे शब्द ज्यांना नवे नाहीत त्यांच्यासाठी लिहितोय. तोफ विमानावर रोखायची नसते, गोळा पोचेल तेव्हा विमान जिथे असेल तिथे रोखायची, हे तर कुणीही सांगतं. मी आपटलो त्याच्या पुढच्या पायरीवर.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये माझा हिशोब सोपा होता. विमानाच्या दिशेचा कोन किती वेगाने बदलतोय ते मोजा, गोळ्याच्या उड्डाणकाळाने गुणा, झाला लीड, म्हणजे नेम विमानाच्या किती पुढे धरायचा तो कोन. टेबलावरच्या खेळण्यातल्या गाडीवर तो चाललाही. मग मुलाखतीत एका मॅडमनी विचारलं, "विमान सरळ रेषेत, एकाच वेगाने जातंय. कोनही एकाच वेगाने बदलेल?" मी छातीठोकपणे "हो" म्हणालो. पुढचे प्रश्न नुसते सौजन्याचे होते.

बाळे स्टेशनच्या पुढे रुळांपासून जरा लांब शेतात उभे राहा. गाडी दूर असते तेव्हा मान हलतसुद्धा नाही, समोर आली की गर्रकन वळते, पुढे पुन्हा संथ. गाडीचा वेग मात्र तोच. आता आकडे घ्या, उंची सोडून द्या. विमान 200 मीटर प्रतिसेकंद, वाट तुमच्यापासून 1500 मीटर लांब, अगदी समोर यायला 2 सेकंद बाकी, उड्डाणकाळही 2 सेकंद. कोनाचा या क्षणीचा वेग सेकंदाला 7.13 अंश, म्हणून लीड 14.26 अंश. प्रत्यक्षात विमान सरकतं 14.93 अंश. फरक पाऊण अंशाहून कमी, पण 1500 मीटरवर तो साधारण 17 मीटर होतो. 40 मिलिमीटरचा गोळा 17 मीटर मागून गेला तर वैमानिकाला पत्ताही लागणार नाही.

फार लाजू नका. दुसऱ्या महायुद्धातला केरिसन प्रेडिक्टर, म्हणजे विमानाची पुढची जागा काढणारं गणकयंत्र, हाही कोनाचा वेग गुणिले उड्डाणकाळ असाच चालायचा, पण तो जवळ मारणाऱ्या 40 मिलिमीटरच्या बोफोर्स विमानविरोधी तोफेसाठी होता. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या एम-9 या प्रेडिक्टरने कोन आणि अंतराचे आधी एक्स-वाय-झेड केले, वेग तिथे काढला, पुढची जागा ठरवली आणि मग परत कोनात आणलं. एससीआर-584 रडार आणि प्रॉक्सिमिटी फ्यूज (लक्ष्याजवळ आल्यावर गोळा आपोआप फोडणारा) यांच्या जोडीने 1944 मध्ये तो व्ही-1, म्हणजे जर्मनीचे वैमानिकाविना उडणारे बॉम्ब, पाडू लागला. व्ही-1 सरळच उडायचे, हेही पथ्यावर पडलं. वळणाऱ्या विमानाचं काय, यावर गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आणि अभियंता ज्युलियन बिगेलो यांनी डोकं फोडलं, पण त्यांचं यंत्र तोफखान्यात पोचलं नाही.

गंमत म्हणजे जुन्या प्रेडिक्टरमधले कॅम, म्हणजे फिरताना ठरावीक हालचाल देणाऱ्या विशिष्ट आकाराच्या चकत्या, मला आधी अण्णांनी समजावले. ते यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे कारागीर. माझ्या मते एक चांगला जॉबर चार कोचिंग क्लासना भारी. आणि तयार प्रोजेक्ट विकत घेणाऱ्यांनो, सरळ सांगतो, पहिल्याच उलटतपासणीत उघडे पडाल.

मात्र पुण्यात शिकलं नाही म्हणून दार बंद होत नाही. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या भरतीत गेटचा स्कोअर बघतात, गाव नाही. रडारसाठी बेंगळुरूची एलआरडीई, ऑप्टिक्ससाठी देहरादूनची आयआरडीई (या दोन्ही डीआरडीओच्या प्रयोगशाळा), उत्पादनात भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बीईएल, हे पत्ते डोक्यात असू द्या.

वरचं गणित आजच एक्सेलमध्ये मांडा. 17च्या आसपास न येता भलतंच काही आलं तर अंश-रेडियनची गल्लत असेल. तीही मी केलीय, दोनदा.