तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावरील रेडिएशनपूर्वी करावयाची तयारी

रेडिएशन ठरताच प्रथम दंतवैद्याकडे जावे, कारण या उपचाराने लाळ कमी होते, दात लवकर किडतात आणि जबड्याच्या हाडाची जखम भरून येण्याची क्षमता कायमची घटते. वाचवता न येणारे दात आधीच काढून घ्यावेत आणि हिरड्या भरून येण्यासाठी शक्यतो २ ते ३ आठवडे मिळतील, पण उपचार लांबणार नाही, अशी तारीख दंतवैद्य आणि रेडिएशनचे डॉक्टर या दोघांकडून ठरवून घ्यावी. घाईगडबडीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते. नंतर दात काढावा लागल्यास हाड उघडे पडून सडण्याचा धोका असतो.

रेडिएशनच्या नियोजनासाठी केल्या जाणाऱ्या सीटी स्कॅनच्या वेळी, उपचारात डोके हलू नये म्हणून, गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा बनवतात. तो काही मिनिटांत कडक होतो, मात्र जाळीतून श्वास नीट घेता येतो. दाढी आदल्या दिवशीच करावी आणि कोंडल्यासारखे होत असेल तर तंत्रज्ञांना निःसंकोच सांगावे.

उपचार बहुधा आठवड्यातून ५ दिवस, ६ ते ७ आठवडे चालतात. गिळणे दुखू लागण्यापूर्वीच आहारतज्ज्ञांकडून मऊ, बिनतिखट, प्रथिनयुक्त आहार ठरवून घ्यावा, गिळण्याचे व तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करावेत आणि नळीतून अन्न देण्याची गरज पडेल का, हे विचारून ठेवावे. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि दारू मात्र आजच बंद करावी, कारण धूम्रपान चालू राहिल्यास उपचाराचा परिणाम कमी होतो.