गालिचा घेताना आधी पाठ बघा

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या प्रदर्शनात गालिचा आवडला की आपला हात आधी त्याच्या मऊ बाजूवर फिरतो. तो उलटा करा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवरही समोरचीच नक्षी दिसते आणि बारीक बारीक गाठी बोटाला लागतात. ओळ जराशी वाकडी असेल, एखादी गाठ जाड असेल, तर खुशाल घ्या. ती माणसाच्या हाताची खूण आहे. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर बहुधा तो टफ्टेड गालिचा, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून केलेला. वाईट नसतो, पण गाठीच्या गालिच्याचा भाव त्याला देऊ नका. झालरही ओढून बघा. ती ताण्याच्याच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांची हवी, वरून शिवलेली नको.

आपल्या धनगरी घोंगडीची गोष्ट वेगळी. तिला गाठी नसतात. दख्खनी मेंढीची लोकर हातमागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात. म्हणून नवी घोंगडी कडक, खरखरीत लागते. ‘टोचते’ म्हणून परत करू नका, वापरता वापरता ती मऊ होते. काळा-करडा रंग बहुतेक वेळा मेंढीच्या अंगचाच असतो, मला तर तोच सगळ्यात देखणा वाटतो.

लोकरीला कसर लागते. घडी घालण्याआधी चांगलं झटका, दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा आणि घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा. पाला पूर्ण वाळलेला हवा, ओल्याने डाग पडतात.