कडं दिसलं म्हणून अँटिबॉडी खरी ठरत नाही

न्यूक्लियर मेंब्रेनच्या, म्हणजे न्यूक्लियसभोवतीच्या पटलाच्या, प्रोटीनवर काम सुरू केलेला विद्यार्थी पहिल्यांदा खूश होतो तो मायक्रोस्कोपखाली कडं दिसल्यावर. डॅपी या डीएनए रंगवणाऱ्या डायने निळा झालेला न्यूक्लियस आणि त्याच्या काठाने बारीक हिरवी रेघ. फोटो लगेच व्हॉट्सॲपवर येतो, "मॅडम, अँटिबॉडी चालली!" म्हणजे हवं ते प्रोटीन शोधून त्याला चिकटायला घातलेली अँटिबॉडी, जिच्या रंगामुळे ते प्रोटीन दिसतं. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या छोट्या लॅबमध्ये मी हे काम करते, एमएस्सीची प्रोजेक्टं बघते. अशा मेसेजला माझं उत्तर ठरलेलं आहे: छान. आता ज्या पेशीत हे प्रोटीन नाहीच, ती पेशी दाखव.

मुलं हिरमुसतात, पण इलाज नाही. कडं मिळणं फार सोपं असतं. न्यूक्लियसला दोन पटलं असतात आणि बाहेरचं पटल ईआरशी (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, पेशीतलं पटलांचं जाळं) सलग जोडलेलं असतं. त्यामुळे ईआरमधल्या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडीसुद्धा न्यूक्लियसभोवती कडं काढते. खोटं वाटत असेल तर कॅल्नेक्सिन या ईआरमधल्या प्रोटीनचं स्टेनिंग करून बघा. न्यूक्लियर पोअरच्या, म्हणजे पटलातल्या छिद्रांच्या, प्रोटीनांचं कडं दिसतं, आतल्या पटलाला अस्तर देणाऱ्या लॅमिनचंही दिसतं. म्हणजे तुमची अँटिबॉडी भलत्याच प्रोटीनला धरून बसली असली तरी चित्र तुम्हाला हवं तसंच येणार. आपल्या विषयातली खरी अडचण ही आहे.

डेटाशीटवर "व्हॅलिडेटेड" असं छापलेलं असतं त्यावर विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी, कुठल्यातरी पेशीत, कुठल्यातरी पद्धतीने ती वापरून पाहिली. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे जेलवर आकाराप्रमाणे वेगळी केलेली प्रोटीनं अँटिबॉडीने शोधताना, प्रोटीन एसडीएस या डिटर्जंटने उलगडलेलं असतं, तर इम्युनोफ्लुरेसन्समध्ये, म्हणजे पेशीतच अँटिबॉडीने रंगवून बघताना, ते पॅराफॉर्माल्डिहाइडने जागच्या जागी जखडलेलं असतं. एकीकडे चाललेली अँटिबॉडी दुसरीकडे साफ आंधळी निघू शकते. २०२३ साली वायकॅरॉस या उपक्रमाने ६५ प्रोटीनांवरच्या ६१४ बाजारी अँटिबॉड्या नॉकआउट पेशी (ज्यांतून त्या प्रोटीनची जीन काढलेली असते) वापरून तपासल्या, तेव्हा अनेक प्रसिद्ध अँटिबॉड्या नापास झाल्या. रिकॉम्बिनंट, म्हणजे ठरलेल्या डीएनए सीक्वेन्सवरून बनवलेल्या, अँटिबॉड्या एकूणात सरस ठरल्या. तेव्हा निवड असेल तर रिकॉम्बिनंट घ्या. महाग पडते, पण पुढच्या वर्षी तीच वस्तू परत मिळण्याची खात्री जास्त असते.

उदाहरणाला आतल्या पटलातलं एमेरिन घेऊ, कारण शिकण्यासाठी ते फार सोयीचं प्रोटीन आहे. २५४ अमिनो आम्लांचं, हिशेबाने २९ किलोडाल्टनचं, पण जेलवर ते ३४ च्या आसपास दिसतं. त्याचा बहुतेक भाग आतल्या पटलावरून न्यूक्लियसच्या आत डोकावतो आणि शेपटीजवळचा एक तुकडा तेवढा पटलात रुतलेला असतो. त्याची जीन एक्स क्रोमोसोमवर असते. ती बिघडली की एमरी-ड्रायफस मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार होतो, आणि अशा बहुतेक रुग्णांच्या पेशींत एमेरिन जवळजवळ सापडतच नाही. आजाराच्या वाहक स्त्रियांच्या त्वचेत तर निसर्गानेच प्रयोग मांडून ठेवलेला असतो: प्रत्येक पेशीत एकच एक्स चालू असतो, त्यामुळे काही न्यूक्लियसना कडं असतं आणि शेजारच्याला नसतं. चांगली अँटिबॉडी कशी दिसायला हवी ते समजून घ्यायचं तर असे छापून आलेले फोटो आधी बघा.

आता "नसलेली पेशी" आणायची कुठून? एमेरिनची नॉकआउट लाइन (लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी) विकत मिळते, परवडली तर उत्तम. एक्सवरची जीन असल्याने पुरुषाच्या पेशीपासून बनलेल्या लाइनमध्ये एकच प्रत काढावी लागते, हा फायदाच. बहुतेक कॉलेजांना मात्र एसआयआरएनएवर, म्हणजे जीनचा आरएनए नष्ट करून तिचं प्रोटीन घटवणाऱ्या छोट्या आरएनएवर, भागवावं लागतं; यालाच नॉकडाउन म्हणतात. हरकत नाही. २००१ साली सस्तन प्राण्यांच्या पेशीत एसआयआरएनएने जीन गप्प करता येते हे दाखवणाऱ्या मूळ पेपरातच हीला या माणसाच्या पेशींच्या लाइनमधलं लॅमिन ए/सी होतं, तेव्हा आपला विषय या तंत्राच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे. फक्त घाई नको. आरएनए लवकर घटतो, पण आधी तयार झालेलं प्रोटीन पेशीत उरतंच. मी ७२ तास थांबायला सांगते. आणि एकाच जीनवरचे दोन वेगवेगळे एसआयआरएनए घ्या; दोन्हींनी सिग्नल उतरला तरच बोला.

२०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडीच्या व्हॅलिडेशनचे, म्हणजे ती खरी आहे का हे तपासण्याचे, पाच मार्ग सांगितले. त्यातले मास स्पेक्ट्रोमेट्रीसारखे आपल्या आवाक्याबाहेरचे सोडून देऊ. जीन काढून बघणं आणि त्याच प्रोटीनच्या वेगळ्या भागावरची दुसरी अँटिबॉडी लावून बघणं, हे दोन आपल्याला जमतात. ज्या तुकड्यावर अँटिबॉडी बनवली तोच पेप्टाइड घालून सिग्नल मारण्याचा जुना प्रयोग मुलांना फार आवडतो, कारण चित्र एकदम स्वच्छ येतं. मला तो पुरावा वाटत नाही. अँटिबॉडीची पकडच पेप्टाइडने भरून टाकली तर तिचं चुकीचं चिकटणंही थांबणारच.

ब्लॉटबद्दल एक गोष्ट नीट सांगते, कारण इथेच सगळे घसरतात. न्यूक्लियर लॅमिना (लॅमिनचं जाळं) आणि तिला बांधलेली प्रोटीनं सौम्य बफरमध्ये नीट विरघळत नाहीत. प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय म्हणून तुम्ही लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवता, वरचं पाणी घेता आणि खालचा गोळा टाकून देता, तेव्हा तुमचं प्रोटीनच बेसिनमध्ये गेलेलं असू शकतं. मग बँड फिकट येतो आणि दोष अँटिबॉडीला. पेशी सरळ गरम एसडीएस बफरमध्ये फोडा. डीएनए सुटून मिश्रण शेंबडासारखं चिकट होईल, टिप उचलली की तार निघेल. ते बारीक सुईच्या सिरिंजमधून वरखाली करा किंवा सोनिकेट करा, म्हणजे लेनमध्ये सरळ उतरेल. पहिल्यांदा फिरवलेला गोळाही वेगळ्या लेनमध्ये चालवून बघा, प्रोटीन कुठे जातंय ते डोळ्यांनी दिसेल.

उकळण्याचंही तसंच. एमेरिन एकदाच पटल ओलांडतं, ते उकळलेलं चालतं. पण लॅमिन बी रिसेप्टर आठ वेळा पटलातून जातं. ते उकळलं तर गुठळी होऊन जेलच्या वरच अडकण्याचा धोका असतो, त्याला कमी तापमान द्या. शिवाय हिशेबाने ते ७१ किलोडाल्टनचं, पण जेलवर ५८ च्या आसपास पळतं. बँड "चुकीच्या" जागी आला म्हणून अँटिबॉडी फेकून देऊ नका आणि "बरोबर" जागी आला म्हणून डोक्यावरही घेऊ नका. नॉकडाउनच्या लेनमध्ये तो बँड जातो की नाही, एवढंच विचारा. लॅमिन ए/सीला दोन बँड येणं हेच बरोबर, कारण एकाच जीनपासून लॅमिन ए आणि लॅमिन सी दोन्ही बनतात. आणि ब्लॉटचा फोटो पूर्ण ठेवा, वरपासून खालपर्यंत. कापलेला ब्लॉट मी तपासतच नाही.

इम्युनोफ्लुरेसन्समध्ये माझी सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे दोन्ही पेशी एकाच कव्हरस्लिपवर लावणं. साध्या पेशींना एका रंगाचा डाय द्या, नॉकडाउन पेशींना दुसऱ्या रंगाचा, मग दोन्ही मिसळून वाढवा आणि एकत्रच स्टेन करा. एकाच फील्डमध्ये एका न्यूक्लियसला कडं, शेजारच्याला काहीच नाही, असं दिसलं की वाद संपतो. वेगवेगळ्या स्लाइडवर केलं तर एक्स्पोजर पक्कं ठेवा. कॅमेऱ्याचं ऑटो चालू राहिलं तर तो रिकाम्या पेशीतूनही कडं उकरून काढतो.

दुसरी परीक्षा डिजिटोनिनची. अँटिबॉडी आत जावी म्हणून पटलं आधी डिटर्जंटने उघडावी लागतात. ट्रायटन सगळ्या पटलांना भोकं पाडतो. डिजिटोनिन कोलेस्टेरॉल पकडतं, त्यामुळे थोडं आणि थंडगार दिलं तर फक्त बाहेरचं पेशीपटल उघडतं, न्यूक्लियस बंदच राहतो. म्हणजे अँटिबॉडी सायटोप्लाझममध्ये शिरेल, पण न्यूक्लियसच्या आतलं तिला दिसणार नाही. बर्फावर ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक बाटलीचा अंदाज नव्याने घ्या, कारण माल सारखा नसतो. बाजूला लॅमिनची आणि पोअरची अँटिबॉडी लावा: डिजिटोनिनमध्ये लॅमिन काळं दिसायला हवं, पोअर मात्र उजळ, कारण त्याची बाहेरची बाजू सायटोप्लाझमकडे असते. हे जमलं की मग तुमची अँटिबॉडी. एमेरिनचं कडं ट्रायटनमध्ये झळकून डिजिटोनिनमध्ये जवळजवळ विझलं पाहिजे. जवळजवळ म्हणते, कारण थोडं एमेरिन ईआर आणि बाहेरच्या पटलावरही असतं. डिजिटोनिनमध्येही तितकंच लख्ख कडं राहिलं तर तुम्ही बाहेरचं काहीतरी रंगवत आहात.

फुकटची परीक्षा म्हणजे दुभागणाऱ्या पेशी. मायटोसिसमध्ये पटल मोडतं, एमेरिन ईआरमध्ये विखुरतं, लॅमिन ए/सी पेशीभर पसरतं. क्रोमोसोम मधोमध ओळीने उभे आहेत आणि तरीही भोवती टापटीप कडं आहे, असं दिसलं तर संशय घ्या. तसंच लॅमिन ए/सी काढलेल्या उंदराच्या पेशींत एमेरिन नांगर सुटलेल्या होडीसारखं ईआरमध्ये भरकटतं हे १९९९ पासून माहीत आहे. लॅमिनचा एसआयआरएनए हाताशी असेल तर तेही करून बघा, पण नॉकडाउनमध्ये परिणाम अर्धवट दिसेल हे धरून चाला.

आता आपल्या किनाऱ्याचं. अँटिबॉडी सोमवारी निघेल अशीच मागवा, म्हणजे पार्सल शनिवार-रविवार कुठल्या गोदामात पडून राहणार नाही. पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की सगळं वेळापत्रक कोलमडतं. तरी घाबरू नका, अँटिबॉडी वाटते तितकी नाजूक नसते. आईस पॅक वितळलेला मिळाला तरी ती बहुधा ठीक असते. परत पाठवायच्या आधी एक ब्लॉट करा. आल्या दिवशीच छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. अर्धं ग्लिसरॉल असलेली असेल तर ती उणे २० ला गोठतच नाही, आणि चार तास लाइट गेली तरी काही बिघडत नाही. आमच्या लॅबचे मामा वादळाच्या दिवशी फ्रीजच्या दारावर चिकटपट्टी लावतात आणि म्हणतात, "लाइट येईपर्यंत कोणी हात लावायचा नाय." याहून चांगला प्रोटोकॉल माझ्याकडे नाही. निसर्ग वादळात, ३ जून २०२० नंतर, दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हापासून महत्त्वाच्या नळ्यांचा एक वाटा दुसऱ्या गावातल्या मित्राच्या लॅबमध्ये ठेवायला मी सगळ्यांना सांगते.

अँटिबॉडी ब्लॉटवर भलतीकडे चिकटू नये म्हणून लावायची दूध पावडर जुलैत उघडी राहिली की गठ्ठे होतात आणि ब्लॉटवर काळे ठिपके येतात. पाकीट छोटं घ्या, ब्लॉकिंगचं द्रावण गाळा. सुकून घट्ट होणारं माउंटिंग मीडियम आपल्या हवेत लवकर सुकत नाही. स्लाइड सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. कॉन्फोकल मायक्रोस्कोपसाठी मुंबई-पुण्याला जावंच लागतं. कोकणकन्येने रात्रीचं निघायचं असेल तर कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करून, स्लाइड पुठ्ठ्याच्या डब्यात आडव्या, वर फॉइल, आणि डबा सीटखाली न ठेवता जवळ. तिथला वेळ तासावर मिळतो, म्हणून जाण्याआधी साध्या फ्लुरेसन्सवर सगळे कंट्रोल बघून घ्या. नॉकडाउनची स्लाइड घरी ठेवून कॉन्फोकलला जाऊ नका.

वहीत कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी (अँटिबॉडीचा ओळख क्रमांक), डायल्यूशन, फिक्सेशन आणि पेशी, एवढं तरी लिहा. मुलाखतीत "वेस्टर्न येतो" सगळेच सांगतात. "ही अँटिबॉडी हीलामध्ये ब्लॉटला चालते, मेथनॉल फिक्सेशनला चालत नाही, हा बघा नॉकडाउन" असं सांगणारा उमेदवार लक्षात राहतो. आणि नवा लॉट आला की जुन्याची शेवटची नळी संपवू नका. दोन्ही एकाच ब्लॉटवर शेजारी चालवा.

एक प्रश्न इथे हमखास येतो, मत्स्यशास्त्राकडून आलेल्या मुलांचा: हीच अँटिबॉडी बांगड्याच्या पेशीवर लावू का? डेटाशीटवर "माशांत चालण्याची शक्यता" लिहिलेलं असलं तरी तो सीक्वेन्सवरून बांधलेला अंदाज असतो. ज्या तुकड्यावर अँटिबॉडी बनवली तो तुकडा माशाच्या सीक्वेन्सशी स्वतः जुळवून बघा. मग माशाचं प्रोटीन टॅग (ओळखीचा छोटा तुकडा) लावून हीलामध्ये बनवा आणि टॅगच्या अँटिबॉडीशी बँड जुळतो का पाहा. त्यासाठी क्लोनिंग करावं लागतं आणि त्यात एक सेमिस्टर जातं, हे गाईडला आधीच सांगून ठेवा.