गोळी लिहिण्याआधी मागची दहा वर्षं विचारा: मनोविकाराच्या ओपीडीतल्या या चुका टाळा

ओपीडीत नवा पेशंट बसला की पाचव्या मिनिटाला केस पेपरवर 'डिप्रेशन' लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मी गेली बावीस वर्षं बघतोय. रडतोय, झोप नाही, जेवण नाही, कामावर जात नाही, झालं निदान. पोटात दुखणाऱ्या प्रत्येकाला आपण अपेंडिक्स म्हणत नाही, मग इथेच एवढी घाई का? आपल्या शाखेत रक्ताच्या रिपोर्टमध्ये डिप्रेशन छापून येत नाही आणि एक्स-रेत स्किझोफ्रेनिया दिसत नाही. आपल्या हातात आहे ती हिस्टरी. तीच अर्धी घेतली तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

हे मी लिहितोय ते पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी, आणि त्याहून जास्त फॅमिली डॉक्टर आणि मेडिकल ऑफिसर यांच्यासाठी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात, असं दिसलं होतं. जे पोचतात, त्यांतले बरेच आधी तुमच्याच दवाखान्यात येतात. पहिली चिठ्ठी तुमची असते, आणि ती चुकली तर पुढची दोन-तीन वर्षं ती निस्तरण्यात जातात.

तेजीचे दिवस न विचारणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष. तालुक्याच्या गावाहून अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण आला, पिठाची गिरणी चालवणारा. दोन महिने गिरणी बंद होती. पहाटे चारला जाग यायची, वजन उतरलं होतं, मान वर करून बोलत नव्हता. सोबत आई. मी विचारलं, "याआधी कधी मानसिक आजार झाला होता का?" आई म्हणाली, "न्हाई सायेब, कधीच न्हाई." मी एसिटालोप्राम (डिप्रेशनची गोळी) १० मिलिग्रॅम लिहून दिलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

तीन आठवड्यांनी तो पेढ्यांचा पुडा घेऊन हसत आला. मला आनंद झाला. तो इतका बोलत होता की मला मध्ये शब्द घालायला जागा मिळत नव्हती. आई दाराशी गप्प उभी होती आणि मी तिला काहीच विचारलं नाही. गोळी तशीच चालू ठेवली. अकराव्या दिवशी मेहुण्यानं त्याला दंडाला धरून आणलं. रात्री तीनला गिरणी सुरू करून तो आळीचं दळण फुकट दळत होता. रस्त्याकडेचे वीस गुंठे निम्म्या भावात द्यायचे म्हणून इसारपावती करून बसला होता. बायकोनं अडवलं म्हणून तिच्यावर हात उचलला होता.

त्या दिवशी आई बोलली. "चार वर्सामागं असाच झालता. पंधरा दिस झोपला न्हाई, पर दमत नव्हता. एकट्यानं हिरीचा गाळ काढला. तवा काय आजार नव्हता सायेब, तवा तर लई काम करत हुता."

आई खोटं बोलली नव्हती, प्रश्न माझा चुकला होता. मॅनिया (तेजीचा आजार) किंवा हायपोमॅनिया (त्याचं सौम्य रूप) घरच्यांना आजार वाटतच नाही, पोरगं मार्गाला लागलं असं वाटतं. 'कधी मानसिक आजार होता का' या प्रश्नाला म्हणूनच नेहमी 'नाही' हेच उत्तर येतं. तेव्हापासून मी झोपेवरून सुरुवात करतो: "दोन-तीन तासच झोप, तरी थकवा नाही, उलट अंगात जोर, असे सलग चार दिवस कधी गेले का?" मग पैसा, मग बोलणं, मग डोक्यात एकदम आलेले नवे धंदे. चार दिवस विचारतो कारण हायपोमॅनियाची व्याख्याच तिथून सुरू होते. मॅनियाला आठवडा लागतो, आणि माणसाला भरती करावं लागलं तर तेवढाही नाही. हेच प्रश्न मी एकाच घरात राहणाऱ्या दुसऱ्या माणसाला, पेशंटला बाहेर बसवून, पुन्हा विचारतो. घरात कुणाला लिथियम (तेजी-उदासीच्या आजाराचं औषध) चालू होतं का, कुणी शॉकचे उपचार घेतले होते का, बाळंतपणानंतर कुणी बिघडलं होतं का, हेही.

आणि डिप्रेशनचा पेशंट दहा-पंधरा दिवसांत शंभर टक्के बरा होऊन आला तर खूश होऊ नका, खुर्ची पुढे ओढा आणि झोप विचारा. डिप्रेशनची औषधं बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत हळूहळू लागू पडतात. एकदम उजेड पडला तर काहीतरी वेगळं चाललंय. बायपोलरच्या (कधी तेजी, कधी उदासी अशा आजाराच्या) पेशंटला मूड स्टॅबिलायझर (लिथियमसारखं मूड स्थिर ठेवणारं औषध) न देता नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर तो उसळू शकतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं. त्या घरी ती एक ओळ म्हणजे इसार मोडायला गेलेले सहा महिने होते, आणि बायको वर्षभर माहेरी.

तो आजही लिथियमवर आहे, गिरणी चालू आहे. लिथियमबद्दल इथेच एक सांगून ठेवतो. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेल्या रक्तातलीच लेव्हल खरी. पेशंट सकाळची गोळी खाऊन लॅबमध्ये गेला तर तो आकडा फेकून द्या. सांभाळायची पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर), १.५ च्या वर गेली की विषबाधेची तयारी ठेवा. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉइड, पुढे दर सहा महिन्यांनी तेच. उन्हाळ्यात शेतात राबणारा, जुलाब झालेला, गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेणारा, बीपीसाठी लघवीची गोळी चालू असलेला, अशा प्रत्येकाची लेव्हल गोळ्यांची संख्या न वाढताही चढते. हात मोठे थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली तर फोनवर सल्ला देत बसू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी लेव्हल करा.

म्हातारपणी अचानक लागलेलं 'वेड'

सत्तरीच्या आजींना रात्री साडेदहाला माझ्याकडे आणलं. चिठ्ठीवर लिहिलेलं: 'सायकोसिस, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत आहोत.' सायकोसिस म्हणजे भास-भ्रमांचा आजार. आधीच्या ठिकाणी त्यावरच्या हॅलोपेरिडॉलचं एक इंजेक्शन झालं होतं, रक्त काढलंच नव्हतं. आजी चादरीवरून काहीतरी चिमटीत उचलत होत्या. "मुंग्या हायत, झाडा." मध्येच मला थोरला दीर समजून पदर सावरत होत्या, मध्येच डोळे मिटून झोपी जात होत्या. सून म्हणाली, चार दिवसांपूर्वीपर्यंत भाकऱ्या थापत होत्या.

या शेवटच्या वाक्यातच निदान आहे. सत्तर वर्षं ठाकठीक असलेल्या माणसाला चार दिवसांत मानसिक आजार होत नाही. डेलिरियम (शरीरातल्या बिघाडानं अचानक भान हरपणं) होतो, आणि डेलिरियम म्हणजे शरीरात कुठेतरी आग लागली आहे. मी आजींना म्हटलं, रविवारपासून वार उलटे सांगा. त्यांनी रविवार, शनिवार म्हटलं आणि मग पुन्हा सोमवार, मंगळवार. लक्ष टिकत नव्हतं. सोडियम आलं ११४, म्हणजे फारच कमी. बीपीच्या गोळीत थायझाइड (लघवी वाढवणारं औषध) आधीपासून होतं, त्यात पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी 'झोप लागत नाही, उदास वाटतं' म्हणून एसएसआरआय (एसिटालोप्रामच्या गटातलं डिप्रेशनचं औषध) सुरू केलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं सोडियम पाडायला ही जोडी पुरते. दोन्ही थांबवली, आयसीयूत सोडियम हळूहळू वर आणलं (घाई केली तर मेंदूला इजा होते). पाचव्या दिवशी आजींनी सुनेला विचारलं, म्हशीचं दूध कोण काढतंय.

माझी सवय सांगतो. पन्नाशीच्या वर पहिल्यांदाच 'डोकं फिरलेला' पेशंट आला की मी आधी हात धरतो. नाडी, ताप, बीपी, जीभ कोरडी आहे का, लघवी झाली का. साखर लगेच, सोडियम-पोटॅशियम त्याच रात्री. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावतो, कारण नातेवाईक तोंडी सांगतात त्याच्या दुप्पट गोळ्या पिशवीतून निघतात. लक्षणं तासातासाला बदलतात का, आवाज ऐकू येण्यापेक्षा काहीतरी दिसतंच जास्त का, संध्याकाळी वाढतं का, हे विचारतो. 'सायकियाट्री केस' हा शिक्का बसला की बाकीचे डॉक्टर पेशंटला हात लावायचं बंद करतात. म्हणून तो शिक्का मारायची घाई करू नका.

अस्वस्थपणा बघून डोस वाढवणं

अँटिसायकोटिक (सायकोसिसवरचं औषध) सुरू करून आठवडा झाला, पेशंट एका जागी बसत नाही, येरझाऱ्या घालतो, उभा राहिला तरी पायांची चुळबुळ चालूच. नातेवाईक म्हणतात, आजार वाढला. रेसिडेंट डोस वाढवतो. चुळबूळ आणखी वाढते, डोस आणखी वाढतो. हा आजार नव्हे, गोळीचा परिणाम आहे: अकॅथिसिया. एकच प्रश्न विचारा: "विचारांमुळे बसवत नाही, की पायच बसू देत नाहीत?" पायावर हात ठेवून पेशंट सांगतो. डोस उतरवा, दमा नसेल तर प्रोप्रॅनोलॉल द्या. या यातनेला कंटाळून जिवाचं बरंवाईट करायला निघालेले पेशंट मी पाहिलेत.

तसंच डिस्टोनिया, म्हणजे गोळीमुळे स्नायू आखडणं. तरुण पोराला हॅलोपेरिडॉल दिलं, दुसऱ्या दिवशी मान वाकडी, डोळे वर चढलेले, जीभ बाहेर. घरचे त्याला तुमच्याकडे आणत नाहीत, देवऋषाकडे नेतात, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण असं होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शननं अर्ध्या तासात मान सरळ होते. पहिल्या गोळीच्या दिवशीच हे दोन वाक्यांत सांगा. नाहीतर ते कुटुंब औषधाकडे पुन्हा फिरकत नाही.

आता थोडक्यात काही.

दारू सोडून दोन-तीन दिवस झालेला, घाम फुटलेला, थरथरणारा, भिंतीवर माणसं दिसणारा पेशंट हा सायकोसिस नव्हे. आणि त्याला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्या, नंतर नाही.

पीएचक्यू-९ (डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) चे मार्क म्हणजे निदान नव्हे. फॉर्म नर्सनं भरला, बेरीज पंधरा आली, गोळी लिहिली. याला मी प्रॅक्टिस म्हणत नाही.

'जीव घाबरतो, अंगातून मुंग्या जातात, डोकं भणभणतं, सलाईन लावा' असं म्हणणाऱ्या बाईला सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून 'काही झालेलं नाही' सांगून पाठवू नका. आपल्याकडे उदासी शरीरातूनच बोलते.

जागरणात अंगात येणारी बाई सकाळी उठून सगळ्यांचा चहा करत असेल, तर तिला आजार नाही.

अल्प्राझोलॅम (चिंता-झोपेची गोळी) महिनोन्‌महिने लिहू नका, आणि वर्षभर घेणाऱ्याची एका दिवसात तोडूही नका. झटके येतात.

मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट (आणखी एक मूड स्टॅबिलायझर) सहज म्हणून देऊ नका. गर्भाच्या मज्जारज्जूत दोष राहू शकतात.

दर आठवड्याला औषध बदलणारे डॉक्टर मला अजिबात आवडत नाहीत. पुरेशा डोसात चार ते सहा आठवडे थांबायचा धीर नसेल तर दुसरी शाखा निवडावी. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायचं. तो 'आता बरं आहे' म्हणून दुसऱ्या महिन्यात बंद करतो आणि पुढच्या पावसाळ्यात परत येतो.

मरणाबद्दल न विचारणं

विचारलं तर डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती अजून जाता जात नाही. ती खोटी आहे. विचारल्यानं आत्महत्या वाढत नाहीत. उलट कित्येकदा तो प्रश्न ऐकून पेशंट पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतो. मी पायरी पायरीनं जातो: जगणं नकोसं वाटतं का, मरून जावं असं मनात येतं का, कसं करायचं ते ठरवलंय का, सामान जवळ आहे का. केस पेपरवर नुसतं 'आत्महत्येचे विचार नाहीत' असं छापील लिहू नका. काय विचारलं आणि काय म्हणाला, ते त्याच्या शब्दांत लिहा.

शेतकरी कुटुंब असेल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच: "फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं. पलंगाखाली, माळ्यावर, गोठ्यात खुंटीला. तीव्र आवेग बऱ्याचदा थोड्याच वेळात ओसरतो. त्या वेळात बाटली हाताशी नसली तर माणूस वाचतो. म्हणून मी बायकोला किंवा भावाला तिथेच बसवून ठरवून घेतो: औषध आजच शेजाऱ्याकडे किंवा कुलपात, किल्ली कुणाकडे हे पेशंटला सांगायचं नाही, आणि आमच्या गोळ्याही आठवड्याला पुरतील एवढ्याच न्यायच्या.

'चुकून पिलं' असं सांगत आणलेल्या पेशंटच्या घरच्यांना पोलिसांची भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा करता येत नाही, आणि त्याला उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे. हे मी त्यांना आधी सांगतो, मग खरं काय झालं ते विचारतो. आणि जाताना चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून देतो: १४४१६. रात्री दोनला माझा फोन उचलला गेला नाही तर तो लावा, असं त्यांच्याकडून म्हणून घेतो.