'द सोप्रानोज'चा शेवट : वाद कसा घालावा

१० जून २००७ च्या रात्री एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर 'द सोप्रानोज'चा ८६ वा आणि अखेरचा भाग दाखवला गेला. न्यू जर्सीतील माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो एका साध्या उपाहारगृहात पत्नी कार्मेला आणि मुलगा एजे यांच्यासह बसलेला असतो. मुलगी मेडो बाहेर गाडी लावून धावत येते. दारावरची घंटा वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा होतो. सुमारे दहा सेकंद चित्र नाही की आवाज नाही, मग संगीताविना श्रेयनामावली. ऐन वेळी केबल गेली, असे समजून कित्येक प्रेक्षकांनी त्या रात्री चरफडून घेतले. टोनी मेला की जगला, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि बहुतेक बैठकींत तो पहिल्या पाच मिनिटांतच 'तुला कळलेच नाही' या वाक्यापाशी येऊन अडकतो. तो त्यापुढे न्यायचा असेल तर थोडी तयारी करावी लागते. ज्यांनी मालिका अजून पूर्ण पाहिलेली नाही, त्यांनी येथेच थांबावे.

सर्वप्रथम प्रश्नाची फोड करावी. पडद्यावर प्रत्यक्ष काय दाखवले, त्यावरून कथेत काय घडले असे मानता येते, आणि दिग्दर्शकाने ते न दाखवणे का पसंत केले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एक जण पहिल्याचे उत्तर देत असतो आणि दुसरा त्याला तिसऱ्यावरून खोडून काढत असतो, म्हणून आवाज चढतात. कोणत्या प्रश्नावर बोलणे चालले आहे हे दर वेळी मोठ्याने सांगावे. हे शाळकरी वाटेल, पण उपयोग होतो.

त्यानंतर शेवटचे दृश्य पुन्हा पाहावे, पण या वेळी कागद-पेन घेऊन. टोनी आत येऊन बसतो तेथपासून दाराची घंटा किती वेळा वाजते, प्रत्येक घंटेनंतर टोनी वर पाहतो का, आणि त्याच्या चेहऱ्यानंतर लगेच दाराचा शॉट त्याच्या नजरेतून येतो का, अशा तीन रकान्यांचा तक्ता करावा. दोन-तीन ओळी भरल्या की रचना उघड होते : घंटा, टोनीचा चेहरा, टोनीला दिसणारे दार. शेवटच्या वेळी घंटा वाजते, टोनीचा चेहरा येतो, आणि जेथे त्याला दिसणारे दृश्य यायला हवे तेथे काळोख येतो. म्हणजे तो काळोख टोनीच्या नजरेच्या जागी बसलेला आहे. टोनी मेला असे मानणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि माझा कलही याच एका कारणाने त्या बाजूला आहे. मात्र रचनेत जेथे अपवाद आढळतील ते प्रामाणिकपणे टिपून ठेवावेत. समोरचा ते शोधून काढणारच आहे.

केवळ शेवटचे दृश्य पाहून वाद घालू नये. त्यासाठी मागचे निदान तीन भाग काढावे लागतात. सहाव्या पर्वाच्या उत्तरार्धातील 'सोप्रानो होम मूव्हीज' या पहिल्या भागात तळ्यातल्या होडीत बसून टोनीचा मेहुणा बॉबी म्हणतो की, मरणाची ती वेळ येते तेव्हा बहुधा आवाजही ऐकू येत नसावा. 'स्टेज ५' या भागात उपाहारगृहात जेवताना शेजारच्या माणसाला गोळी लागते, तेव्हा टोनीचा उजवा हात असलेल्या सिल्व्हिओच्या चेहऱ्यावर आधी रक्त उडते आणि काय घडले हे त्याला मागाहून कळते. शेवटून दुसऱ्या 'द ब्ल्यू कॉमेट' या भागात बॉबीचा खून झाल्यावर टोनी बंदूक उराशी धरून पलंगावर पडतो आणि होडीतले तेच बोलणे त्याला आठवते. ज्या मालिकेने अशी पूर्वस्मृती फारच क्वचित वापरली, तिने अखेरच्या भागाच्या तोंडावर ती वापरावी, याला अर्थ आहे. हे तीन दुवे त्याच क्रमाने मांडावेत. सुटे सुटे फेकल्यास त्यांचा जोर जातो.

पुरावे मांडताना त्यांची प्रतवारी करावी. 'मेंबर्स ओन्ली' छापाचे जाकीट घातलेला माणूस गल्ल्याजवळ बसतो, टोनीच्या टेबलाकडे पाहतो आणि स्वच्छतागृहात जातो. १९७२ च्या 'द गॉडफादर'मध्ये मायकेल स्वच्छतागृहात लपवलेले पिस्तूल घेऊन बाहेर येतो, हे ज्याला आठवते त्याला येथे धस्स होते. शिवाय ज्या भागात जूनियर काका टोनीवर गोळी झाडतो त्याचे नाव 'मेंबर्स ओन्ली' हेच होते. ही साम्ये दिग्दर्शकाने जाणूनबुजून ठेवली आहेत, हे मान्य करावे. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. तो माणूस कोण, त्याला कोणी पाठवले, याचा एकही धागा मालिकेत नाही. अंतिम भागानंतर लगेच अशी एक वावडी उठली होती की, तो न्यूयॉर्कच्या टोळीचा म्होरक्या आणि टोनीचा वैरी फिल लिओटार्डो याचा पुतण्या असून आधीच्या पर्वात दिसला होता. ती निखालस खोटी होती, आणि तरी आजही कोणी ना कोणी ती छातीठोकपणे सांगतो. अशा वेळी श्रेयनामावली उघडून दाखवावी : तेथे त्या पात्राला नावच नाही. कांद्याच्या चकत्या तिघेही अख्ख्या तोंडात टाकतात, त्यावरून कॅथलिक प्रसादाचा अर्थ काढणाऱ्यांना ऐकून घ्यावे, पण तेथे फार वेळ घालवू नये.

आता विरुद्ध बाजू, आणि ती हलक्यात घेऊ नये. एक चांगला उपाय म्हणजे निम्मी बैठक झाल्यावर दोन्ही पक्षांनी बाजू बदलून बोलणे. टोनी जिवंत आहे असे मांडायचे झाल्यास काय सांगता येते ते पाहा. त्याच भागात न्यूयॉर्कच्या टोळीशी समेट झाला आहे आणि फिलला त्याच्याच लोकांनी वाऱ्यावर सोडल्याने तो पेट्रोल पंपावर मारला गेला आहे; म्हणजे टोनीला तातडीने संपवण्याचे उघड कारण कोणापाशी उरलेले नाही. खरा धोका दुसरीकडे आहे : टोनीच्या टोळीतला कार्लो सरकारी साक्षीदार झाला आहे आणि टोनीवर आरोपपत्र येण्याची दाट शक्यता वकिलाने सांगितली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही मालिका धागे मोकळे सोडण्यासाठीच प्रसिद्ध होती. २००१ च्या 'पाइन बॅरन्स' या भागात बर्फाळ जंगलात पळून गेलेल्या रशियनाचे पुढे काय झाले, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. ज्या लेखकाने तो रशियन कधीच परत आणला नाही, त्याने टोनीचा निकाल गुप्त संकेतांत दडवून ठेवला असे का मानावे, या प्रश्नाला मृत्युपक्षाने नीट उत्तर दिले पाहिजे. माझे उत्तर इतकेच की, रशियनाच्या वेळी कॅमेऱ्याने असा ठेका बांधून मोडला नव्हता. ते सर्वांना पटते असे नाही.

मालिकेचे जनक डेव्हिड चेस यांची वक्तव्ये हा वादातील सर्वांत निसरडा भाग आहे. अंतिम भागाचे लेखन आणि दिग्दर्शन त्यांचेच. २००७ मध्ये त्यांनी दाखवले त्यापलीकडे काही समजावून सांगण्यास नकार दिला. २०१४ मध्ये टोनी मेलेला नाही असे ते म्हणाल्याचे छापून आले आणि लगेच त्यांच्या बाजूने खुलासा झाला की, ते बोलणे संदर्भ सोडून घेतले गेले. २०१५ मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियतकालिकात ते शॉटमागून शॉट बोलले, पण भर मरणापेक्षा आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींच्या पुस्तकात त्यांच्या तोंडून 'मृत्यूचे दृश्य' असे शब्द निसटले, आणि २०२१ मध्ये त्यांनी सांगितले की, टोनीने मॅनहॅटनमधील बैठकीला जावे आणि तेथे त्याचा शेवट व्हावा, अशी कल्पना आधी मनात होती. ज्याला जे हवे ते यातून मिळते. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच ठरवून घ्यावे की, चेस यांचे वाक्य उद्धृत करायचे असेल तर वर्ष सांगायचे आणि त्याच्या उलट जाणारे वाक्यही सांगायचे. हा नियम पाळला की अर्धे लोक चेस यांचा आधार घेणेच सोडून देतात आणि पुन्हा दृश्याकडे वळतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांना आणखी एक सोय आहे : ते उपाहारगृह खरे आहे. ब्लूमफील्ड गावातील होल्स्टेन्स या आइस्क्रीमच्या जुन्या दुकानात हे दृश्य चित्रित झाले. टोनी ज्या बाकावर बसला तो मूळ बाक २०२४ मध्ये लिलावात ८२,६०० डॉलरना विकला गेला, तरी दार, त्या जागेपासूनचे अंतर आणि स्वच्छतागृहाची दिशा प्रत्यक्ष पाहून बोलता येते. नकाशावर वाद घालण्यापेक्षा ते बरे.

बैठक संपवताना हात वर करून मतदान घेऊ नये. त्यात नेहमी मोठ्या आवाजाचा पक्ष जिंकतो. त्याऐवजी ते दृश्य अखेरचे एकदा, मध्ये न थांबवता लावावे. टोनी टेबलावरच्या ज्यूकबॉक्सवर गाणे निवडतो, बाहेर मेडोला गाडी लावायला पुन्हा पुन्हा मागेपुढे करावी लागते, घंटा वाजते आणि गाणे 'थांबू नकोस' या अर्थाच्या ओळीत 'थांबू' या शब्दावरच तुटते. रिमोट टेबलाच्या मधोमध ठेवावा आणि काळोखाचे ते दहा सेकंद कोणालाही तो उचलू देऊ नये.