जुनी सतरा आसनी व्हॅन: काय बिघडते, किती लागतात आणि घेण्यापूर्वी काय पाहावे

लग्नाची वऱ्हाडे, वणीच्या गडाची यात्रा, शेगावचे दर्शन आणि वर्षभराची शाळकरी मुले यांच्या भरवशावर जुनी व्हॅन घेण्याचा विचार खान्देशात पुष्कळ जण करतात, आणि व्यवहार बहुधा दिवाळीनंतर, कापसाचे पैसे हाती आल्यावर होतो. गाडी पारखण्यासाठी तो सर्वांत वाईट काळ आहे. डिसेंबरच्या सकाळी धुळे-जळगाव रस्त्यावर कोणतीही गाडी गुणाची वाटते. तिचा खरा स्वभाव भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, सगळ्या आसनांवर माणसे बसवून घाट चढवला म्हणजे कळतो. म्हणून दहा-बारा वर्षे चाललेल्या डिझेल व्हॅनचे बिघाड येथे पुस्तकी क्रमाने न मांडता, आमच्या भागात ती ज्या क्रमाने दगा देते त्या क्रमाने मांडले आहेत. खर्चाचे आकडे गावातील साध्या गॅरेजच्या मजुरीसह धरलेले ढोबळ अंदाज आहेत. मॉडेल, सुट्या भागाची प्रत आणि मिस्त्री यांप्रमाणे ते खालीवर होतील, आणि कंपनीच्या सेवा केंद्रात त्याहून बरेच जास्त लागतील असे धरून चालावे.

गाडी तापणे

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून आत पाहावे. हिरवे किंवा गुलाबी स्वच्छ कूलंट (इंजिन थंड ठेवणारे रंगीत द्रव) दिसले तर मालक काळजीचा आहे. गढूळ, तांबूस पाणी दिसले तर वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतलेले आहे, असे समजावे. जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसत जातात, बंबाच्या तळाला बसतात तसे, आणि हिवाळ्यात ते लक्षातही येत नाही. झाकणाच्या आतील रबरी वायसर बोटाने दाबून पाहावा. तो कडक झाला असेल किंवा चिरला असेल तर झाकण दाब धरत नाही, आणि त्या दाबाला फार मोल आहे: ०.९ बारच्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. दोन-तीनशे रुपयांचे झाकण गेले की ही अठरा अंशांची सवलत गेली.

त्यानंतर रेडिएटरच्या एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने उजेड दिसतो का, ते पाहावे. कापूस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागून हंगामभर धावलेल्या एका व्हॅनमध्ये एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, चिलटे आणि कापसाचे तंतू यांची बोटभर जाड गादी मी स्वतः सोलून काढली आहे. मऊ ब्रश आणि कमी दाबाचे पाणी एवढ्यावर तापमानाचा काटा पुन्हा मध्यावर आला. सगळीच प्रकरणे इतक्या स्वस्तात सुटत नाहीत. रेडिएटर उतरवून नळ्या साफ करण्यास १,००० ते १,५०० रुपये, रेडिएटरची नवी जाळी (नळ्यांचा गाभा) बसवण्यास ६,००० ते १०,००० रुपये, वॉटर पंपास २,५०० ते ४,५०० रुपये आणि सगळे होज पाइप व फॅन बेल्ट बदलण्यास १,५०० ते ३,००० रुपये धरावेत. पंख्याला व्हिस्कस कपलिंग (इंजिन तापले की पंख्याला घट्ट धरणारा जोड) असेल, तर तापलेले इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, पंखा हाताने फिरवावा. तो सायकलच्या चाकासारखा मोकळा गरगरला तर कपलिंग गेलेले आहे आणि त्याचे ४,००० ते ८,००० रुपये होतात.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची आमच्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि ती मला मुळीच पटत नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडीत नीट तापत नाही, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. शिवाय काही इंजिनांत हाच भाग गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो, त्यामुळे तो काढला की थोडे पाणी रेडिएटरमध्ये न जाता परत इंजिनात फिरते आणि गाडी उलट अधिक तापते. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा हा भाग गाडीत आहे की नाही, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारावे.

आमच्या स्वतःच्या गाडीचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. वऱ्हाड घेऊन चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मे महिन्याच्या दुपारी काटा लाल रेघेवर गेला. चालकाने गाडी थांबवून, वाफ अंगावर येता येता वाचत, झाकण उघडले आणि वऱ्हाडासाठी घेतलेल्या जारमधले बर्फाचे पाणी तसेच आत ओतले. चर्र असा एकच आवाज झाला. संध्याकाळी मिस्त्रीने डिपस्टिक काढून माझ्यासमोर धरली. तिच्यावर काळ्या तेलाऐवजी दुधाळ चहाच्या रंगाचा फेस होता, म्हणजे तेलात पाणी मिसळले होते. तो इतकेच म्हणाला, "भाऊ, हेड गयं." हेड म्हणजे सिलेंडरवरचे झाकण. त्याखालचे नुसते गॅस्केट गेले असते तर हेड घासून सपाट करण्यासह १०,००० ते १८,००० रुपयांत भागले असते; हेडलाच तडा गेल्यामुळे आमचे ३८,००० रुपये गेले, आणि दुसऱ्या गाडीचे भाडेही आम्हीच भरले.

काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर असल्यास पूर्ण सुरू करावा आणि सावलीला थांबून, पाणी बाहेर सांडत नसेल तर इंजिन काही मिनिटे मंद चालू द्यावे, म्हणजे पाणी फिरत राहते. वाफ बाहेर पडत असेल किंवा पाणी संपले असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नये. नंतर जाड कापड ठेवून ते आधी थोडेच सैल करावे, आणि पाणी साध्या तापमानाचे, इंजिन सुरू ठेवून, थोडे थोडे घालावे.

इंजिनाची पारख

गाडी पाहायला गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवावा. तो गरम लागला तर मालकाने इंजिन अगोदरच चालवून ठेवले आहे, आणि अशा वेळी चहा घेऊन परत यावे व दुसऱ्या दिवशी न सांगता जावे, कारण पहिल्या थंड सेल्फमध्ये जे कळते ते नंतर तासभर गाडी फिरवूनही कळत नाही. सुरू होतानाचा थोडा पांढरा धूर लगेच विरला तर चिंता नाही. तो गोडसर वासाचा असेल आणि इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर कूलंट जळत आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. जोर लावल्यावर दाट काळा धूर येत असेल तर हवा कमी पडत आहे किंवा डिझेल जास्त पडत आहे. त्याचे कारण तीनशे रुपयांचा तुंबलेला एअर फिल्टरही असू शकते, म्हणून काळ्या धुराला एकदम घाबरू नये.

इंजिन मंद चालू असताना तेल भरण्याचे झाकण सैल करून तेथेच उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर ठीक. उडून पडले किंवा खालून भकाभका वाफारा आला तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. मिस्त्री यालाच इंजिन बॅक मारते असे म्हणतात. असे इंजिन पूर्ण खोलून बांधण्यास ८०,००० ते १,४०,००० रुपये लागू शकतात, आणि हा खर्च किमतीतून वजा होत नसेल तर व्यवहार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिझेल पुरवठ्याच्या बाबतीत जुन्या यांत्रिक पंपाची गाडी आणि कॉमन रेलची (एका सामायिक नळीतून, इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरांनी डिझेल फवारणारी) गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यांत्रिक पंप आणि नोझल यांचे कॅलिब्रेशन ८,००० ते १५,००० रुपयांत होते. कॉमन रेलमध्ये एकेक इंजेक्टर दुरुस्त करण्यास ६,००० ते ९,००० रुपये आणि नवा घेण्यास त्याच्या दुपटीहून अधिक लागतात, आणि चार सिलेंडरच्या गाडीत ते चार असतात. अशा गाडीचा डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्यातील पाणी काढत राहणे ही काटकसरीची खरी जागा आहे.

ब्रेक, पाटे आणि क्लच

गडावरून किंवा तोरणमाळहून उतरताना भरलेल्या व्हॅनचे ब्रेक तापतात, ब्रेक लायनरची पकड कमी होते आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर पायाखालचे पेडल अचानक पोकळ लागते. याचे कारण साधे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तर ओलावा शोषलेल्या तेलासाठी तोच निकष १४० अंशांवर येतो. दर दोन वर्षांनी हे तेल बदलण्यास हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि तो टाळणाऱ्या माणसाची गाडी मी घेणार नाही. चारही चाकांचे लायनर, पॅड आणि मजुरी मिळून ५,००० ते ९,००० रुपये होतात. ड्रम ओरखडले असतील किंवा व्हील सिलेंडर गळत असेल तर तीन-चार हजार अधिक धरावेत. चालकही तपासावा लागतो: ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरला पाहिजे, आणि न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा चालक कोणत्याही ब्रेकला पुरत नाही.

सपाट जागी गाडी उभी करून मागून पाहिल्यास पाटे (ॲक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसलेले असतील तर ती एका अंगाला झुकलेली दिसते. खाली वाकून प्रत्येक पाट्याच्या कडेवरून नख फिरवावे. तडा डोळ्यांना दिसण्याआधी नखाला लागतो आणि त्यातून गंजाची बारीक तांबडी रेघ आलेली असते. एक मुख्य पाटा बदलण्यास २,५०० ते ४,००० रुपये, बुश आणि शॅकलसह दोन्ही बाजू करण्यास ८,००० ते १२,००० रुपये लागतात. पुढचा सरळ ॲक्सल असलेल्या गाडीचे पुढचे चाक जॅकवर उचलून वरखाली हलवावे. खडखड आली तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्या खुंटीवर वळते ती) झिजला आहे, आणि दोन्ही बाजूंच्या किंगपिनला ५,००० ते ८,००० रुपये पडतात. पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवावी आणि कटकट आवाज येतो का, ते ऐकावे; येत असेल तर चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला आहे. टायरची नक्षी पाहून फसू नये: बाजूच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ३२१७ हा टायर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला आहे आणि आमच्या उन्हात तो केव्हाच म्हातारा झाला आहे.

क्लच तपासण्यासाठी हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच चांगला; ते चालूच राहिले तर प्लेट सरकत आहे आणि पूर्ण सेटला ९,००० ते १५,००० रुपये होतील. मागून चालणाऱ्या गाडीत वेग धरताना टण्ण असा आवाज आला तर क्रॉस (मागे जाणाऱ्या लांब दांड्याचा सांधा) गेला आहे, तो स्वस्त आहे. साठच्या वेगाला मागून एकसारखी गुणगुण आली तर क्राऊन-पिनियनचा (मागच्या ॲक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचा) संशय घ्यावा, आणि ते काम २०,००० रुपयांच्या खाली क्वचितच होते.

पत्रा, आसने आणि रंग यांवर मी फार वेळ घालवत नाही, मात्र दाराच्या पायरीखाली आणि चटईखाली हात घालून गंज पाहावा. एसीचा कॉम्प्रेसर गेला असेल तर १५,००० ते २५,००० रुपये बाजूला काढावेत, कारण उन्हाळ्यात गार हवा नसलेली गाडी वऱ्हाडाला कोणी बोलावत नाही. कागदांत फिटनेस महत्त्वाचा: आठ वर्षांपुढील प्रवासी वाहतुकीच्या गाडीला तो दर वर्षी करावा लागतो. त्याची मुदत, भरलेला कर आणि थकलेले चलान हे सगळे वाहनाच्या क्रमांकावरून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ते इसार देण्यापूर्वी पाहावे.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रीला पाचशे-हजार रुपये देऊन सोबत घ्यावे आणि गाडी आठ-दहा माणसांसह, एसी सुरू ठेवून, दुपारीच घाटात न्यावी. धुळेकरांना लळिंगचा चढ जवळ आहे, चाळीसगावकरांना कन्नडचा. परत आल्यावर इंजिन आणि मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगखाली वर्तमानपत्र पसरून अर्धा तास गाडी उभी ठेवावी. काळा थेंब इंजिन तेलाचा, तांबूस बहुधा पॉवर स्टिअरिंगचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा, आणि नुसत्या पाण्याचा असेल तर तो एसीचा, त्याची काळजी नाही. तो कागद तसाच हातात घेऊन भावाची बोलणी सुरू करावीत.